टकमक्याने काय पाहिलं

आकडा आला एकतीस. एकतीस! शंभरातले एकतीस, आणि तेही ईश्वरी खिल्लारेचे! कुंदा घुगे मॅडमनी मोबाइल दोनदा झटकला. झटकल्यावर जणू हा आकडा खाली पडणार होता आणि आतून खरा वर येणार होता. काही पडलं नाही. एकतीस तो एकतीसच.

आता एकतीस म्हणजे काय, ते आधी ऐका. सुकळवाडीची शाळा सातवीपर्यंत. सातवी संपली की राज्याचं देखरेख मंडळ प्रत्येक पोराला एक आकडा देतं. पन्नासच्या वर गेलात तर ज्ञानवाट, म्हणजे तालुक्याची मोठी शाळा, प्रयोगशाळा, पुढे बारावी, कॉलेज, सगळं. पन्नासच्या खाली राहिलात तर कौशल्यवाट. नाव कसलं गोड! पण तिथं अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस खोकी भरायचं केंद्र. आणि हे ठरवायला परीक्षा नाही, पेपर नाही, रडारड नाही. फक्त आकडा.

आणि त्याच यादीत तेजस घोंगडेला अडुसष्ट! तेजस पोरगा गुणी, मनाचा साफ, पण सात आठे किती विचारलं की तो खिडकीला विचारायचा. आणि ईश्वरी? ती चौथीत असताना तिनं पुस्तकातलं गणित चुकलंय म्हणून सांगितलं होतं, आणि ते खरंच चुकलेलं निघालं होतं.

मॅडम उठल्या आणि थेट खिचडीच्या शेडमध्ये गेल्या. तिथं पंचशीला, म्हणजे ईश्वरीची आई, मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवत होती. ती शाळेचा आहार शिजवायची, अकरा वर्षं झाली. नियम असा की पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं चव घ्यायची आणि चव-वहीत सही करायची. बाकीच्या शाळांत नुसती सही होते. इथं पंचशीला रोज पहिला चमचा फुंकून मॅडमच्या हातात द्यायची, "मीठ?" विचारायची, आणि मग दोघी तिथंच पाटावर बसून दोन घास खायच्या. सासूपासून साखरेच्या गोळीपर्यंत सगळ्या गप्पा त्या पाटावर.

"आला का वो मॅडम आकडा?"

"आला."

"मंग तोंड कामून असं केलं?"

"एकतीस."

पंचशीला हसली. "मोबाइल उलटा धरला असंल तुम्ही."

मॅडम हसल्या नाहीत. तेव्हा पंचशीलाचं उलथनं थांबलं. खिचडी खाली लागायला लागली, वास सुटला, तरी थांबलेलंच.

"मी बघते," मॅडम म्हणाल्या. "अपील करते. काहीतरी घोळ आहे यंत्राचा."

"बघाच. पोरगी सकाळपासून नवीन दप्तर मागायलीय."

ते यंत्र म्हणजे फळ्याच्या वर लावलेली ताटलीएवढी काळी चकती. मंडळाच्या कागदांत तिचं नाव 'आकलनदर्शक', पण पोरं तिला टकमक्या म्हणायची, कारण ती वर्षभर टकमक बघायची. प्रश्न विचारला की कुणाची पापणी कधी लवते, नजर फळ्यावर किती टिकते, ओठ हलतात का, पेन्सिल कुठं अडते, कोण शेजाऱ्याकडे बघतं. सगळं टिपायचं आणि त्यावरून ठरवायचं की या पोराला समजलंय का नाही.

हे त्याला शिकवलं कुणी? कुणीच नाही! तीच तर करामत आहे. आपल्याला नाही का, घरात पाय टाकल्या टाकल्या भांड्यांच्या आवाजावरून आईचा रागरंग कळतो? ते कोण शिकवतं? हजार वेळा आवाज ऐकला, हजार वेळा बोलणी खाल्ली, की डोकं आपोआप जोडणी करतं. टकमक्याचं तसंच. मंडळाकडे जुन्या शाळा-तपासण्यांचं चित्रीकरण पडलं होतं, बारा वर्षांचं, सात लाख तपासण्या. शेजारी त्याच पोरांचे वर्षाअखेरचे गुण. दोन्ही यंत्रापुढे टाकले आणि सांगितलं, शोध बाबा, वर्गात काय काय करणारं पोर पुढे पास होतं आणि काय करणारं नापास. यंत्रानं शोधलं. काय शोधलं ते मात्र कुणी नीट विचारलं नाही. अंदाज शंभरात ब्याण्णव वेळा बरोबर यायला लागला, मग कोण विचारतंय! परीक्षा बंद, तपासणी बंद, चकत्या सुरू.

अपील करायचा हक्क शिक्षकाला होता. अपील केलं की मंडळ क्षणपट्टी पाठवायचं. क्षणपट्टी म्हणजे ज्या ज्या क्षणी यंत्रानं गुण कापले, त्यांचे छोटे छोटे तुकडे. कुठं बघून कापले तिथं लाल कडं.

साडेचारला शाळा सुटली, तशा मॅडम ऑफिसात एकट्याच बसल्या आणि पट्टी लावली.

पहिला तुकडा जुलैचा. चंद्र रोज वेगळा का दिसतो? ईश्वरी बाकावरून अर्धी उठलीय, हात वर, "मॅडम मी, मॅडम मी!" गुण कापले. दुसरा तुकडा अपूर्णांकांचा. पुन्हा हात वर, पुन्हा कापले. तिसरा, चौथा, सातवा. जिथं जिथं पोरीला येत होतं, तिथं तिथंच कापले होते! मॅडमना वाटलं, यंत्र येडं झालंय. आणि मग अकराव्या तुकड्याला त्यांचं लक्ष त्या लाल कड्याकडे गेलं. कडं डोळ्यावर नव्हतं, ओठावर नव्हतं. मनगटावर होतं.

डाव्या मनगटावर.

ईश्वरी डावखुरी. डाव्यानं लिहायची, डाव्यानं दगड मारायची, डावाच हात वर करायची. मॅडमनीच पहिलीपासून सगळ्यांना दम दिला होता, तिला डाव्या हातावरून कुणी टोकायचं नाही म्हणून.

मॅडमनी पट्टी तिथंच थांबवली. का थांबवली? कारण डाव्या हाताची भानगड त्यांना माहीत होती. नुसती माहीत नाही, त्या त्यातल्या वस्ताद होत्या!

ऐका. तपासणीला साहेब यायचे ना, तेव्हा साहेब वर्गाला प्रश्न विचारणार आणि किती हात वर होतात ते बघणार. हात कमी, तर शेरा वाईट. मग आदल्या दिवशी वर्गात तालीम व्हायची. "पोरांनो, उद्या साहेबांनी काहीही विचारलं तरी सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतं त्यानं उजवा. ज्याला येत नाही त्यानं डावा." साहेब प्रश्न टाकायचे, अख्ख्या वर्गाचे हात ताडकन वर, आणि मॅडम बोट दाखवून उजव्यातलाच कुणीतरी उठवायच्या. उत्तर बरोबर! साहेब खूश, पोरं खूश, त्या दिवशी खिचडीत मटार. ईश्वरीसारखं एखादं डावखुरं हुशार पोर असलं तर तेवढ्या दिवसापुरतं तेही उजवा करायचं. गावोगाव हेच. कुणी कुणाला शिकवलं माहीत नाही, पण सगळ्या गुरुजींना यायचं.

आणि ते सगळं चित्रीकरणात होतं! यंत्रानं सात लाख तपासण्या बघितल्या आणि त्याला सोन्यासारखा नियम सापडला. डावा हात वर करणारं पोर पुढे नापास होतं. पापणी, ओठ, नजर, सगळ्यांपेक्षा पक्का नियम. आणि गंमत म्हणजे तो खोटा नव्हता. आपणच तर तसं ठरवलं होतं. फक्त आता तालीमही नव्हती आणि साहेबही नव्हते. उरला होता तो डाव्या हाताचा अर्थ.

पट्टीच्या शेवटी यंत्र 'साम्य असलेले नमुने' दाखवायचं, म्हणजे हे आपण कुठून शिकलो त्याचे दाखले. मॅडमनी पहिला नमुना उघडला. वर्ग ओळखीचा होता. खिडकीला निळा रंग, भिंतीवर पाढे, आणि फळ्यापाशी निळ्या साडीत नऊ वर्षांपूर्वीच्या त्या स्वतः. नमुना तपासणी म्हणून मंडळानं निवडलेली, यंत्राला चारपट वजनानं शिकवलेली. तिसऱ्या ओळीत मारोती, डावा हात उंच, दात काढून हसतोय. सांगितल्याबरोबर काम केल्याचा त्याला केवढा आनंद! मारोतीला त्या वर्षी कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता.

मॅडमनी मोबाइल पालथा ठेवला.

तिसऱ्या दिवशी विभागाच्या कार्यालयात सुनावणी. समोर कोण? लोखंडे साहेब! एकेकाळचे विस्तार अधिकारी, सुकळवाडीला चार वेळा तपासणीला आलेले, आता मंडळाचे सुनावणी प्रमुख. केस पिकलेले, पण हसणं तेच.

"या घुगे मॅडम! तुमच्या वर्गासारखा वर्ग नाही बघितला हो पुन्हा. काय हात वर व्हायचे!"

"साहेब, त्या हातांबद्दलच बोलायचंय."

मॅडमनी सगळं सांगितलं. एका दमात, उजवा, डावा, लाल कडं, मारोती. साहेबांनी ऐकलं, उठून दार लावलं, पुन्हा बसले.

"मॅडम, मी आधी तेरा वर्षं मास्तर होतो," ते हळूच म्हणाले. "उजवा-डावा मी पण केलाय. तुमच्या वर्गात आलो तेव्हा मी डाव्या हाताच्या पोराला कधी उठवलं का? एकदा तरी?"

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

"मग साहेब, तुम्हाला माहीत होतं तर यंत्राला..."

"यंत्राला शिकवताना मला कोण विचारतंय? आणि विचारलं असतं तर काय सांगणार होतो? की बारा वर्षं मी सह्या केल्या त्या तपासण्या नाटक होत्या?" त्यांनी पाण्याचा ग्लास मॅडमकडे सरकवला. "द्या तुम्ही लेखी. तुमचा हक्क आहे. मग काय होईल ते ऐका. फसवणूक कबूल केली म्हणून तुम्ही निलंबित. सुकळवाडीचा सगळा डेटा दूषित, म्हणजे तुमच्या बत्तीस पोरांचे आकडे रद्द. चौकशी समिती, दोन वर्षं. तोवर ती पोरगी कुठं? घरी. आणि समिती म्हणणार काय? एका बाईंच्या वर्गातली लबाडी, बाकी राज्य स्वच्छ. कारण दुसरा एकही मास्तर उभा राहणार नाही. मी पण नाही. स्पष्ट सांगतो."

"दुसरा मार्ग?"

"फेरनिरीक्षण. पंधरा दिवस. यंत्र नव्यानं बघणार, नवा आकडा देणार. तुम्ही मुरलेल्या बाई आहात, पंधरा दिवसांची तालीम काय अवघड आहे तुम्हाला?" आणि त्यांनी अर्ज पुढे केला. खाली एक ओळ होती. यंत्राच्या कार्यपद्धतीबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.

"राज्यात डावखुरी पोरं किती असतील हो साहेब?"

"शंभरात दहा धरा," साहेब म्हणाले. "पण तुमच्या वर्गात एकच आहे ना?"

मॅडमनी पेन घेतलं. उजव्या हातानं सही केली.

पंचशीलाला मात्र त्यांनी खरं सांगितलं. न सांगता राहवेना. पाटावर बसून, खाली मान घालून, सगळं. पंचशीला ऐकत होती आणि हातातला तांदूळ निवडत होती. खडा सापडला की बाजूला, खडा सापडला की बाजूला.

"म्हंजे माझ्या पोरीला यंत्रानं नाही, तुम्ही पाडलं."

"पंचशीला, तेव्हा ती शाळेत पण नव्हती गं, तीन-चार वर्षांची असेल..."

"पाडलं का नाही?"

"पाडलं."

"मंग लेखी कामून नाही दिलं?"

मॅडमनी दोन वर्षांचं सांगितलं, समितीचं सांगितलं, ईश्वरी घरी बसेल ते सांगितलं. पंचशीलानं सूप खाली ठेवलं.

"नका देऊ. माझ्या लेकराचे दोन वर्षं मी कोणाच्या खरेपणावर उधळणार नाही. पण मॅडम, उद्या कोणापाशी असं म्हणू नका की पंचशीलाच्या पोरीसाठी गप बसले. तुम्ही तुमच्यासाठी गप बसलात. माझी पोर त्यात आयती घावली, एवढंच."

दुसऱ्या दिवशी पहिला चमचा फुंकून हातात आला नाही. टेबलावर ताटली, ताटलीत चमचा, शेजारी चव-वही उघडून ठेवलेली. मीठ विचारलं नाही कुणी.

फेरनिरीक्षण सुरू झालं. मॅडमनी ईश्वरीला वर्गाबाहेर घेतलं, जिथं टकमक्याला दिसत नव्हतं.

"पंधरा दिवस हात उजवा वर करायचा. लक्षात राहील?"

"डावा वाईट असतो का मॅडम?"

"नाही गं, वाईट कशाचा!"

"मग?"

"पंधरा दिवस फक्त."

पोरगी शहाणी. तिनं "मग?" दुसऱ्यांदा विचारलं नाही. पण अंगवळणी पडलेली गोष्ट अशी सुटते होय? प्रश्न आला की डावा हात आधी सुटायचा, अर्ध्यात थांबायचा, खाली यायचा, मग उजवा वर. तेवढ्यात दुसरंच कुणीतरी उत्तर देऊन मोकळं. आणि टकमक्याला काय दिसायचं? डावा, मग गडबड, मग शेजारी बघणं. अजून कापा! रोज संध्याकाळी आकडा मोबाइलवर यायचा. एकतीस, तीस, अठ्ठावीस. चौथ्या दिवशी ईश्वरी डावा हात मांडीखाली दाबून बसली. मुंग्या येऊन हात काळानिळा, आणि सगळं लक्ष त्या हातात, प्रश्न काय होता तेच कळेना. पंचवीस.

सहाव्या दिवशी तिनं हातच वर केला नाही. कुठलाच. दिवसभर फळ्याकडे बघत बसली, दोन्ही हात बाकावर, कागदावर ठेवलेल्या वजनासारखे. मॅडमनी भागाकार विचारला, तिच्याकडे बघितलं. तिला येत होतं. डोळ्यांत दिसत होतं. ती गप्प.

संध्याकाळी आकडा आला एकेचाळीस.

सातव्या दिवशी सत्तेचाळीस. नवव्याला चोपन्न. डावा हात दिसेनासा झाला, तशी नजर, पापणी, पेन्सिल यांची किंमत वर आली, आणि ती तर पोरीची लखलखीत होतीच.

"मॅडम, मला कळलं," ईश्वरी दहाव्या दिवशी म्हणाली. चेहरा अगदी गणित सुटल्यासारखा. "गप बसलं की वाढतो."

आता इथं बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की नाही गं बाळा, तसं नाहीये. पण तसं नाहीये म्हटलं की कसं आहे तेही सांगावं लागणार, आणि अजून पाच दिवस बाकी होते. मॅडमनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरगी उत्तर बरोबर आलं असं समजून आत पळाली.

शेवटचा आकडा त्रेसष्ट. ईश्वरी ज्ञानवाटेला लागली. जूनमध्ये नवीन दप्तर घेऊन तालुक्याला गेली. पंचशीलानं शाळेत साखर वाटली, सगळ्यांना हातावर दिली. मॅडमची चिमूट टेबलावर कागदात ठेवली.

आणि जुलैमध्ये मंडळाचं पत्र आलं! भित्तिपत्रकच आलं, रंगीत. 'एकतीस ते त्रेसष्ट: शिक्षिकेच्या प्रयत्नांना यंत्राची दाद.' खाली घुगे मॅडमचा फोटो. सोबत लोखंडे साहेबांचं अभिनंदन, आणि जिल्ह्याच्या कार्यक्रमात सत्काराचं निमंत्रण. यंत्र अचूक आहे, मेहनत घेतली की आकडा वाढतो, याचा राज्यातला पहिला पुरावा सुकळवाडी! अपिलं करणाऱ्या बाकीच्या शाळांना आता हेच दाखवणार होते. कुठल्याशा शाळेत एक बाई डाव्या हाताचं काहीतरी बोलत होत्या म्हणे, त्यांनाही हेच दाखवलं.

मॅडम सत्काराला गेल्या. शाल घेतली. दोन शब्द बोला म्हटलं तर घसा बसलाय म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये एकदा त्यांनी शेडच्या दारातनं विचारलं, "ईश्वरी कशी आहे गं?"

पंचशीला पातेलं घासत होती. मान वर केली नाही. "तिथल्या टकमक्याचा आकडा एकाहत्तर झाला. तिथले सर फोन करून म्हणले, पोरगी हुशार हाये, पण मुकी हाये का? येतं सगळं, पण सांगत नाही. दहादा इचारलं तरी नाही. घरीबी नाही." तिनं पातेल्यावर पाणी मारलं. "तुम्ही सही केली का वहीत? मला वाढायला जायचंय."

दुसऱ्या दिवशी नव्या सातवीचा गणिताचा तास. एकोणतीस पोरं. मॅडमनी फळ्यावर गणित घातलं. तीन मीटर कापड, पाऊण मीटरचा एक तुकडा, तर तुकडे किती?

"कोण सांगतं?"

कुणीच नाही. मॅडमना वाटलं, अवघड गेलं असेल. त्यांनी कापड काढून दाखवलं, तुकडे पाडून दाखवले. "आता? हात वर करा बघू."

एकोणतीस पोरं, अठ्ठावन्न हात, सगळे बाकावर. शिस्तीत. गावात काय लपून राहतं का? ईश्वरीचा आकडा कधी वाढायला लागला ते अख्ख्या शाळेनं बघितलं होतं. सात लाख तपासण्या कशाला, पोरांना एकच ईश्वरी पुरली.

"अरे, असं गप बसून आकडा वाढत नसतो!" मॅडम ओरडल्या.

मागच्या बाकावरनं यशोदीप कांबळे उभा राहिला. अगदी नम्रपणे, हात मागे बांधून.

"मग मॅडम, ईश्वरीताईचा कसा वाढला?"

सगळ्यांनी मॅडमकडे बघितलं. टकमक्यानंही बघितलं. मॅडमनी तोंड उघडलं. आत्ता सांगितलं तर सहीचं काय, शालीचं काय, आणि तालुक्यातल्या त्या एकाहत्तरचं काय?

"अभ्यासानं," त्या म्हणाल्या.

यशोदीप बसला. पहिल्या बाकावरच्या सलोनीचे ओठ 'चार' म्हणायला उघडले होते, ते तिनं घट्ट मिटून घेतले.

मॅडम वळल्या, आणि फळ्यावर उत्तर त्यांनीच लिहिलं. चार. पोरांनी ते वहीत सुंदर अक्षरात उतरवून घेतलं.